दारांचे आणि भिंतींचे रंग

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. हीं दोन्ही कार्यें ज्यांनीं उरकलीं आहेत, त्यांस तिच्या शेवटीं ‘रंग पाहावा लावून’ असें तिसरें वाक्य जोडण्याचा मोह खचित होईल. बांधकामांतलें गवंड्याला कळतें, लग्नांतलें भटजींना कळतें. परंतु भिंतीला कोणता रंग लावावा हें घरांतील प्रत्येकालाच कळतें, आणि तेथेंच सगळी पंचाईत होते. दुकानांतील छटांची पुस्तिका घरांत आली कीं आठ वर्षांच्या नातवापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सर्वजण तिच्यावर बोट ठेवूं लागतात, आणि शेवटीं ज्याचा आवाज मोठा त्याचा रंग भिंतीला लागतो. आम्हीही एकदां असेच फसलों. त्या फसगतींतून जें शिकलों तें वाचकांपुढें मांडावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीं आमच्या पुण्यांतील घरीं रंगकाम निघालें. घर साठ वर्षांचें, माणसें अकरा आणि मतें बारा. थोरल्या बंधूंना सागवानी दारांवर पॉलिश हवें होतें, वहिनींना स्वयंपाकघर पिवळें हवें होतें, आणि नुकत्याच पदवीधर झालेल्या पुतण्यानें मोबाईलवर एका परदेशी घराचें चित्र आणून दाखविलें. त्यांत भिंती, दारें आणि चौकटी सर्व एकाच राखट पांढऱ्या छटेचीं होतीं. भिंत कोठें संपते आणि दार कोठें सुरू होतें हें कळतच नव्हतें, आणि हीच त्याची शोभा असें आम्हां सर्वांना वाटलें. तोच रंग ठरला. पाहुण्यांनीं वाखाणणी केली. घर मोठें दिसूं लागलें असेंही कोणी म्हणालें.

पंधरवडा लोटला नाहीं तोंच एका रात्रीं आमच्या आत्या न्हाणीघराकडे जातांना अर्धवट उघड्या दाराच्या कडेवर आपटल्या. कपाळाला खोक पडली, तीन टांके घालावे लागले. आत्यांचें वय ७८. चाळीस वर्षें त्या ह्याच घरांत वावरत आहेत; अंधारांतसुद्धां त्यांना येथली वाट चुकत नसे. “माझंच लक्ष नव्हतं रे,” असें म्हणून त्यांनीं विषय मिटविला. पण दुसऱ्या दिवशीं त्या चालतांना आम्हीं नीट पाहिलें. त्या भिंतीला तळवा लावून सरकत होत्या, आणि हाताला चौकटीचा उंचवटा लागला म्हणजे दार आलें असें ओळखत होत्या. मार्गिकेच्या नव्या भिंतीवर कंबरेच्या उंचीवर एक मळकट रेघ उठली होती, आणि त्या रेघेबद्दल आम्ही आठ दिवसांपूर्वीच मुलांवर रागावलों होतों.

आधीं प्रकाश, मागाहून रंग

रंगाची निवड पुस्तिकेपासून न करतां खिडकीपासून करावी. महाराष्ट्रांत वर्षांतील बहुतेक महिने सूर्य दक्षिण बाजूनें जातो. पुण्यास मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र तो दुपारीं किंचित् उत्तरेकडे असतो. त्यामुळें उत्तरेकडील खोलींत ऊन बेतानेंच येतें. तेथील प्रकाश दिवसभर बहुधा एकसारखा, शांत आणि जरा निळसर असतो. अशा खोलींत राखी किंवा निळा रंग दिला तर ती उदास वाटते. साईचा, फिकट बदामी किंवा हळदीचा अंश असलेला पांढरा रंग तेथें ऊब आणतो. उलट पश्चिमेच्या खोलींत दुपारीं तीननंतर तांबूस ऊन भरतें. तेथें पिवळा रंग डोळ्यांवर येतो, फिकट हिरवा किंवा निळसर राखी सुखाचा होतो.

खिडकीबाहेर काय आहे हेंही पाहावें. समोर आंबा किंवा वड असेल तर पानांवरून परतलेला हिरवट प्रकाश खोलींत येतो आणि पांढऱ्या भिंतीवर तो स्पष्ट दिसतो. जमिनीचेंही तसेंच. लाल कोब्याची आभा भिंतीच्या खालच्या भागावर पडते, शहाबादी फरशीची पडत नाहीं.

माजघरासारख्या ज्या खोलीला खिडकीच नाहीं, तिच्या बाबतींत दिव्याचाच विचार करावा. हल्लींच्या एलईडी दिव्यांवर केल्व्हिनचा आंकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० च्या दिव्याचा उजेड पिवळसर असतो, ६५०० च्या दिव्याचा पांढरा, निळ्याकडे झुकणारा. दुकानांतील पांढऱ्या उजेडांत निवडलेली राखट हिरवी छटा घरच्या पिवळ्या दिव्याखालीं मातकट दिसते, आणि मग दुकानदारानें दुसराच डबा दिला असा संशय येतो. दोष डब्याचा नसून दिव्याचा असतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. ताज्या चुन्याची पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकीं साधारणपणें शेंकडा ८० परत फेंकते, साईच्या रंगाची ७० च्या आसपास, आणि गडद तपकिरी पृष्ठभाग जेमतेम १०. रंग बनविणारे कांहीं कारखानदार हा आंकडा छटेच्या पुस्तिकेंतच देतात. खोली काळोखी असेल तर दिवे वाढविण्यापूर्वी हा आंकडा पाहावा.

रंगाचे शेजारी

एकटा रंग असा घरांत कोठेंच नसतो. त्याच्या शेजारीं दुसरा असतोच, आणि दोघे एकमेकांना बदलतात. फ्रान्समध्यें गोबेलॅं येथील सरकारी गालिच्यांच्या कारखान्यांत शेव्हरल नांवाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख होते. तेथील काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली असतां त्यांना आढळलें कीं रंगांत दोष नाहीं. काळ्या धाग्याच्या शेजारचे निळे-जांभळे धागे त्याला फिका भासवितात. १८३९ सालीं त्यांनीं ह्या नियमावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या घरीं त्याचा प्रत्यय असा येतो: तांबूस सागवानी दाराशेजारची राखी भिंत हिरवट दिसूं लागते, आणि तीच राखी हिरव्या दाराशेजारीं गुलाबीकडे झुकते. म्हणून भिंतीचा रंग दाराजवळ धरून पाहावा, आणि दार पॉलिशचें राहणार असेल तर त्या लांकडालाच पहिला रंग समजून बाकीचे ठरवावे.

दार दिसलें पाहिजे

आत्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, आणि तो घरांत कोणाच्याही ध्यानांत आला नव्हता. नेत्रवैद्यांनीं जें समजावून सांगितलें तें प्रत्येक एकत्र कुटुंबानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. वय वाढतें तसें डोळ्यांतील भिंग पिवळट होत जातें आणि निळे, जांभळे किरण अडवूं लागतें. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या डोळ्याच्या मानानें सुमारें एकतृतीयांशच प्रकाश पोहोंचतो. निळा आणि काळा, फिकट हिरवा आणि राखी ह्यांतला भेद अशा डोळ्यांना कळेनासा होतो. शेवटपर्यंत कळतो तो उजळ आणि गडद ह्यांतला भेद. आम्हीं नेमका तोच पुसून टाकला होता. मार्गिका, चौकट आणि दार एकाच रंगांत रंगवून आम्हीं आत्यांच्या खुणा काढून घेतल्या होत्या.

ब्रिटनमधील इमारतींच्या प्रमाणांत, ज्यांस कमी दिसतें त्यांच्यासाठीं दार आणि भिंत ह्यांच्या प्रकाश परत फेंकण्याच्या आंकड्यांत निदान ३० चें अंतर असावें असें सुचविलेलें आहे. साईच्या रंगाची भिंत आणि तपकिरी चौकट घेतली तर हें अंतर ६० च्या घरांत जातें. म्हणजे आपल्या वाडवडिलांची पांढऱ्या भिंतीची आणि गडद दाराची पद्धत म्हाताऱ्या डोळ्यांना नव्या टुमीपेक्षां अधिक सोयीची होती.

चौकटींना आम्हीं काव्याच्या जातीचा तांबूस तपकिरी रंग दिला. त्यालाही कारण आहे. उजेड मंद झाला कीं तांबडे रंग आधीं काळवंडतात आणि निळे त्या मानानें उजळ राहतात. पुर्किन्ये ह्या बोहेमियन शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हें नोंदविलें. अर्थात् रात्रींच्या लहान दिव्यांत तांबूस चौकट फिकट भिंतीवर अधिकच ठळक होते. अर्धवट उघड्या दाराची कड हीच सर्वांत घातक असल्यामुळें तीही चौकटीच्या रंगांतच घेतली. न्हाणीघरांतील विजेच्या बटणांच्या पाटीभोंवतीं बोटभर रुंद पट्टी ओढली. एवढ्या कामाला रंग एक लिटरही लागला नाहीं.

जुन्या दारांतला धोका

हें दुसरें रंगकाम निघालें तेव्हां पुतणी बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती, आणि ह्या वेळीं एक गोष्ट आम्हांला आधीं कळली, जी दिवाळीपूर्वी कळावयास हवी होती. जुन्या तेलरंगांत शिसें असे. सफेता हें शिशाचें संयुग, देवाला लावतात तो पारंपरिक शेंदूरही शिशाचाच, आणि तेलरंगांतील झगझगीत पिवळा, नारिंगी आणि पोपटी ह्यांतही बहुधा शिशाचें क्रोमेट असे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें घरांतील रंगकामांत सफेता वापरण्यावर निर्बंध घालणारा करार १९२१ सालीं केला. अमेरिकेनें घरगुती रंगांतील शिशावर १९७८ सालीं बंदी घातली. भारतांत २०१६ च्या नियमांनीं घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्षांत ९० भाग इतकी ठरली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आली. म्हणून नवा डबा घेतांना त्यावर ह्या मर्यादेचा उल्लेख आहे कीं नाहीं तें पाहून घ्यावें.

भीति आहे ती जुन्या थरांची. साठ वर्षांच्या दारावर रंगाचे पांच-सहा थर सहज असतात. ते कोरडे खरवडले किंवा पॉलिशपेपरनें घांसले कीं बारीक धूळ उडते, जमिनीवर बसते, आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातावरून तोंडांत जाते. शिशाची अमुक एक मात्रा मुलांना निर्धोक आहे असें जागतिक आरोग्य संघटना मानीत नाहीं. मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, आणि गर्भवतीच्या रक्तांतून तें गर्भालाही पोहोंचतें. दिवाळीच्या आधीं आमच्या घरीं हीच दारें कोरडीं घांसलीं गेलीं होतीं आणि मुलें त्या धुळींत बोटांनीं चित्रें काढीत होतीं, हें आठवून आजही बरें वाटत नाहीं.

उपाय कठीण नाहीं. जुना थर घट्ट असेल तर तो उगाच काढूं नये. पाण्यानें व साबणानें धुऊन वरून नवा रंग द्यावा. काढणें भागच असेल तर पृष्ठभाग ओला करून घांसावा, ज्वाळेनें कधींही जाळूं नये, कारण तापलेल्या शिशाची वाफ धुळीहून वाईट. झाडूऐवजीं ओल्या फडक्यानें पुसावें, धान्याचे डबे व पिण्याचें पाणी दुसरीकडे हालवावें, आणि रंगाऱ्यालाही तोंडावर योग्य मुखपट्टी द्यावी. त्याच्या घरीं मुलें असतातच. पुतणीला आणि लहान मुलांना आम्हीं आठ दिवस तिच्या मावशीकडे पाठविलें.

भिंतीचा स्वभाव

जुन्या, मातीच्या दर्जांच्या भिंतींना प्लॅस्टिकचा रंग देण्याची घाई करूं नये. अशा भिंती ओल घेतात आणि सोडतात. वरून बंद थर बसला कीं ओल आंत कोंडते, लोणा फुटतो आणि पोपडे निघतात. अशा ठिकाणीं चुनाच बरा. चुना हवेंतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हां दगडासारखा होतो, भिंतीला श्वास घेऊं देतो, आणि त्याच्या क्षारामुळें बुरशीही लवकर धरत नाहीं. त्यांत रंग मिसळावयाचा तर काव, पिवडी अशा मातीच्या जातीचे घ्यावे. निळ्यांत अल्ट्रामरीन चुन्याला टिकतें. प्रशियन निळा टिकत नाहीं, तो तपकिरी पडतो. ओला चुना पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर पांढरा होतो, म्हणून पहिला हात पाहून रंगाऱ्याला बोल लावूं नये. चुन्याच्या भिंतीवर पुढें इमल्शन द्यावयाचें ठरल्यास सुटा चुना खरवडून काढल्याशिवाय तें टिकत नाहीं. सिमेंटचा गिलावा नवा असेल तर त्याला निदान चार आठवडे सुकूं द्यावें. आणि पावसाळ्यांत रंग काढूंच नये. दसरा-दिवाळीचा आपला जुना मुहूर्त हवेच्या दृष्टीनेंही योग्य आहे.

दारांसाठीं पांढऱ्या तेलरंगाचा आग्रह असेल तर एक सूचना. हा रंग अंधाऱ्या जागीं पिवळा पडतो. देवघराचें किंवा कोठीचें दार कांहीं वर्षांत पिवळट दिसूं लागलें तर ती धुराचीच करणी असें समजूं नये. अशा जागीं प्रथमपासूनच साईचा रंग द्यावा.

आपलीं माणसें भिंतीला टेंकून बसतात, आणि डोक्याला तेल लावतात. बैठकीच्या आणि जेवणघराच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला ते गोल डाग ज्या घरीं नाहींत असें घर विरळा. तेथें जमिनीपासून साडेतीन-चार फुटांपर्यंत धुतां येणारा, थोडा गडद पट्टा द्यावा. शाळांतून आणि चाळींतून हा पट्टा असे म्हणून त्याला कमी लेखूं नये. ती पद्धत अनुभवाची आहे.

नमुना आणि हिशोब

पुस्तिकेंतील बोटभर चौकोनावर विश्वासून राहूं नये. तोच रंग चार भिंतींवर पसरला कीं अधिक भडक भासतो, म्हणून मनांत भरलेल्या छटेहून एक पायरी फिकी घेणें सहसा हिताचें ठरतें. दोन फूट चौरस पुठ्ठ्यावर दोन हात द्यावे, तो पूर्ण वाळूं द्यावा, आणि निदान दोन दिवस सकाळीं, दुपारीं व दिव्याच्या उजेडांत निरनिराळ्या भिंतींशीं धरून पाहावा. भिंतीवरच नमुने ओढले तर मागच्या जुन्या रंगाच्या शेजारानें डोळा फसतो.

हिशोब सोपा आहे. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच असेल तर चार भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. त्यांतून ७ × ३ चें एक दार आणि ४ × ४ च्या दोन खिडक्या वजा केल्या कीं ३८७ उरतात. डब्यावर दोन हातांचें जें क्षेत्र लिहिलेलें असतें त्यानें भागून शेंकडा १० अधिक घ्यावें. यंत्रानें मिसळलेला रंग एकदमच आणावा. मागाहून आणलेला डबा किंचित् वेगळा निघाला तर सांधा आयुष्यभर दिसत राहतो.

कोणाला विचारावें

आतां शेवटची आणि आमच्या मतें मुख्य गोष्ट. कोणत्या खोलींत कोणाचे किती तास जातात, ह्याची एक यादी आम्हीं दुसऱ्या खेपेस केली. बैठकीची खोली, जिच्यासाठीं सर्वांत अधिक वाद झाला, तिच्यांत घरचें माणूस दिवसांतून दीड-दोन तास बसतें. आत्यांच्या आंतल्या खोलीबद्दल वादच झाला नव्हता. कामगारांकडे जो रंग उरला होता तो तेथें लागला होता, आणि त्या खोलींत त्यांचे दिवसाचे चौदा तास जात होते.

वहिनींनीं त्यांना विचारलें, “आत्याबाई, तुम्हांला कुठला रंग आवडतो?” आत्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “मला हें आजवर कुणी विचारलंच नव्हतं गं. आमच्या राजापूरच्या घरीं माजघराला चुन्यांत नीळ घालून देत. तसली भिंत मला आवडायची.”

पुतण्या स्वतः दुकानांत जाऊन फिकट निळ्या छटेचे चार नमुने घेऊन आला. आत्यांना चारही सारखे आणि राखी दिसले. तरी त्यांतला एक त्यांनीं आमच्या सांगण्यावरून निवडला, खोली रंगविली, आणि “छान आहे” असेंही त्या आमच्या समाधानासाठीं म्हणाल्या. पुढें दोन महिन्यांच्या अंतरानें दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. पहिल्या डोळ्याची पट्टी सुटून घरीं आल्यावर त्या आपल्या खोलीच्या दारांतच थांबल्या. एकदां उजवा डोळा झांकून आणि एकदां डावा झांकून त्यांनीं भिंतीकडे पाहिलें आणि पुतण्याला हाक मारली, “अरे, ही तर निळी आहे!”

मार्गिकेंतली ती हाताची रेघ आम्हीं पुसून टाकली; पुन्हां ती उमटली नाहीं. आमच्या सुशिक्षित घरांतून वडील माणसांचे रक्तदाब आणि साखर वेळच्या वेळीं तपासलीं जातात. परंतु त्यांना आपलें घर कसें दिसतें, हें विचारण्याची पद्धत नाहीं. येत्या दसऱ्याला ज्यांच्या घरीं रंगकाम निघणार असेल, त्यांनीं छटांची पुस्तिका आणण्यापूर्वी एका संध्याकाळीं दिवे लागण्याच्या वेळीं घरांतील सर्वांत वयस्क माणसाबरोबर एक फेरी मारावी, आणि कोणतें दार दिसतें व कोणतें दिसत नाहीं तें त्यांच्याच तोंडून ऐकावें. रंग त्यानंतर ठरवावा, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.